वेदना आणि इलाज

शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४) मी सोलापुरात शिकवतो. हन्नूरचा मुलगा, आई महार, बाप लिंगायत पाटील; ‘मी कोण?’ हा प्रश्न त्याला पोखरत राहतो. मी त्यालाच विद्रोहाचे बीज म्हणत आलो. एकदा तासानंतर एक विद्यार्थी म्हणाला, “सर, माझंही असंच होतं. रात्ररात्र झोप नाही.” मी त्याला ‘बलुतं’ वाचायला दिले! आज त्याची लाज वाटते.

वेदना, नकार, विद्रोह हे शब्द आपली समीक्षा घोकते. पण वेदना आपण पुराव्यापुरती वापरली. ती वाहणाऱ्याचे काय, हे विचारले नाही. हे दुखणे जातिव्यवस्थेने दिले, हे खरेच. म्हणून ती मोडेपर्यंत पोराने जागत बसावे काय? यंत्रमागात बोट गेले तर आपण मोर्चा काढतो, आणि टाकेही घालतो. समुपदेशन हे श्रीमंतांचे चोचले, असे आपलेच कार्यकर्ते म्हणतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मात्र सरकारी सेवेतून, जातिभेदाविना उपचार मिळणे हा हक्क मानला आहे. समुपदेशकाला जात कळली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरू.

तो मुलगा पुढे सरकारी दवाखान्यात जाऊ लागला. काही खेपांनंतर भेटला. “बापाबद्दल बोललो सर,” एवढेच म्हणाला. ‘बलुतं’ अजून त्याच्याकडेच आहे.