जुना डबा, नवी बिअर

‘जॉज’ (१९७५) या चित्रपटात क्विंट नावाचा दर्यावर्दी नॅरागॅन्सेट बिअरचा डबा रिकामा करून मुठीत चुरगाळतो. समोरचा हूपर प्रत्युत्तरादाखल हातातला हलका पेला चुरगाळतो! ऱ्होड आयलंडच्या या बिअरने पुढे त्या काळचेच वेष्टन पुन्हा बाजारात आणले. तो डबा पाहून तिकडच्या एका पिढीला आपला उन्हाळा आठवावा, हे स्वाभाविकच आहे. परंतु १८९० साली स्थापन झालेला कारखाना १९८१ साली बंद पडला, कामगार घरी गेले, आणि २००५ साली नव्या मालकाने केवळ नाव पुन्हा उभे केले, हा खंड डब्यावरील चित्र साफ गाळते. आमचा आक्षेप एवढाच. बिअर हलकी आहे, घोट रुचला. दुसरा डबा मागविला तो बिअरसाठी की चित्रासाठी, हे मात्र आमचे आम्हांसच सांगता येईना.