आम्हाला फक्त दुःखच विचारता

वस्तीतल्या लोकांना घेऊन नाटक करायचं ठरलं की बाहेरून आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या अडचणी काय? मग पाणी येतं, दारू येते, शाळा सुटलेली पोरगी येते. या कामाला मी नावं ठेवत नाही. रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये समता विचार प्रसारक संस्थेसोबत ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. तिथं वस्त्यांमधली पोरं आपल्या जगण्यावरच्या नाटिका स्वतः उभ्या करतात, हे मोलाचंच आहे. पण वस्तीतल्या माणसाला इतिहासाबद्दल काही म्हणायचं असेल तर?

‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक मला म्हणूनच मोठं वाटतं. २०१२ मध्ये आलेलं हे नाटक आमच्या जालना जिल्ह्यातलं. लेखक राजकुमार तांगडे जांबसमर्थचे, शेतकरी. संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, आणि नट बहुतेक इकडचेच, शेतीमातीतले. भोकरदन जिल्ह्याच्या उत्तरेला आणि जांबसमर्थ दक्षिणेला, पण संवाद ऐकताना हे अंतर जाणवत नाही.

शिवाजीला न्यायला आलेल्या यमाकडे जिरेटोप राहतो आणि तो नीट बसेल असं डोकं शोधत यम पृथ्वीवर भटकतो. भटकत तो भीमनगरात येतो. भीमनगर हे नाव मराठवाड्यात कुठल्याही गावाला चालेल. खरा शिवाजी कुणाचा, हा वाद तिथं शेवटी शाहिरांच्या सवाल-जवाबावर येतो. भाषणापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला, कारण डफावर थाप पडली की प्रेक्षक आपोआप पंच होतो. हसता हसता आपण कुणाच्या बाजूनं टाळी वाजवली, हे जरा उशिरा लक्षात येतं.

या नाटकाचं कौतुक करताना ‘खरे शेतकरी स्टेजवर!’ असं आश्चर्य फार झालं. मला ते खटकतं. शेतकऱ्याला संवाद पाठ होतात यात नवल कसलं? कैलास वाघमारेसारखा नट पुढे सिनेमात गेला तो चांगला नट आहे म्हणून. शेतकरी असण्याचं महत्त्व दुसरीकडे आहे. चिपळूणच्या लष्कराला लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराजांनी रयतेला त्रास देऊ नका, धान्य-गवत-भाजी विकत घ्या, अशी ताकीद दिली. हा राजा ज्यांच्या पिकाची काळजी करत होता, तीच माणसं इथं त्याचा अर्थ लावताहेत. आपलं रडगाणं न गाता ती थेट राजावर बोलतात. जांबसमर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव, हा योगायोगही मजेशीर आहे.

एक तक्रार मात्र आहे. सवाल-जवाबात समोरचा फड कच्चा ठेवलाय. त्याचे प्रश्न असे, की उत्तर आधीच तयार असावं. गर्दीत टाळ्या मिळतात, पण जो प्रेक्षक दुसऱ्या बाजूचा आहे तो तसाच घरी जातो. हाच सामना भोकरदनच्या चौकात लागला, तर समोरचा शाहीर इतक्या लवकर गप्प बसणार नाही.