कुमार गंधर्वांचे गायन आणि श्रोत्याची पूर्वतयारी

१

दुर्बोधतेचा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्याभोवती जो वाद माजला, त्यात 'ही कविता कळत नाही' आणि 'ही कविताच नव्हे' ही दोन विधाने अनेकदा एकमेकांच्या जागी वापरली गेली. वस्तुतः पहिले विधान वाचकाविषयीचे आहे, दुसरे कवितेविषयीचे. संगीताच्या बाबतीत ही गल्लत अधिकच सुलभ होते. कारण कवितेचा अर्थ निदान कोणाला विचारता तरी येतो, स्वरावलीचा अर्थ विचारण्याची सोय नसते. कुमार गंधर्वांच्या गायनाने मराठी श्रोत्यांत दीर्घकाळ दोन तट पाडले. त्या गायनाच्या निमित्ताने ह्या गल्लतीचा उलगडा करणे आणि न कळणाऱ्या संगीताच्या आस्वादाची पूर्वतयारी म्हणजे काय, हे पाहणे येथे योजिले आहे.

२

कुमार गंधर्व (१९२४–१९९२) मूळचे बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचे. नामांकित गायकांची गाणी हुबेहूब गाणारा बालगायक म्हणून त्यांची प्रथम कीर्ती झाली. पुढे मुंबईस बी. आर. देवधरांकडे त्यांचे शिक्षण झाले. १९४८ च्या सुमारास क्षयामुळे ते माळव्यात देवास येथे राहावयास गेले आणि काही वर्षे त्यांचे गाणे पूर्णतः थांबले. त्या सक्तीच्या मौनात माळव्यातील स्त्रियांची गाणी त्यांच्या कानी पडत राहिली. लोकधुनेत रागाचे बीज असते ही त्यांची धारणा येथे पक्की झाली आणि तीतून मधसुरजा, संजारी, मालवती, अहिमोहिनी, लगनगंधार हे धुनउगम राग निर्माण झाले. 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा संग्रह १९६५ साली प्रसिद्ध झाला.

त्यांच्या गायनावरील आक्षेप मुख्यतः तीन होते. पहिला, हे गाणे तुटक आहे. एक स्वरवाक्य उमटते आणि लगेच गायक थांबतो. दुसरा, त्यात क्रमवार बढत नाही. खर्जापासून एकेका स्वराने तारषड्जाकडे चढत जाण्याचा विलंबित ख्यालाचा रिवाज येथे पाळला जात नाही. तिसरा, हे गाणे कोणत्याही घराण्यात बसत नाही. वामनराव देशपांडे ह्यांनी 'घरंदाज गायकी' (१९६१) ह्या ग्रंथात स्वर आणि लय ह्या दोन ध्रुवांच्या मधोमध वा जवळ-दूर घराण्यांची स्थाने दाखविली आहेत. ज्या श्रोत्याचे कान अशा एखाद्या स्थानावर स्थिर झाले होते, त्याला ह्या गाण्यात पाय ठेवावयास जागा सापडेना.

३

तुटकपणाचे एक सोपे स्पष्टीकरण नेहमी पुढे केले जाते. क्षयाने फुप्फुसाची हानी झाली, दमसास उणावला, म्हणून वाक्ये लहान झाली. हे चरित्र म्हणून खरे असेल. समीक्षा म्हणून ते अपुरे आहे. एखादी शैली कशामुळे उद्भवली ह्याचे उत्तर मिळाले तरी ती शैली काय साधते ह्याचे उत्तर मिळत नाही. शिवाय हे स्पष्टीकरण निंदकाला आणि भक्ताला सारखेच सोयीचे पडते: एक त्यातून उणीव सिद्ध करतो, दुसरा दयाबुद्धीने ती उणीव माफ करतो. दोघेही प्रत्यक्ष गाणे ऐकण्याचे टाळतात.

ते ऐकू गेल्यास असे दिसते की, येथे विराम हा वाक्याचा शेवट नसून वाक्याचाच एक अवयव आहे. अत्यंत काळजीपूर्वक लावलेले तंबोरे ह्या विरामात ऐकू येतात. गायकाने सोडलेला स्वर त्या नादात क्षणभर तरंगत राहतो आणि पुढचे वाक्य त्याला उत्तर म्हणून येते. कधी स्वर एकदम उंचावतो, कधी कुजबुजीइतका हलका होतो. 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल असे लयीचे तीन प्रकार मानले आहेत. त्यांची परिभाषा येथे उसनी घेतल्यास, अखंड आलापीचा श्रोता मुख्यतः संवादलय शोधत असतो. कुमारांच्या गाण्यात ध्वनी आणि निःशब्दता, मोठा स्वर आणि हलका स्वर ह्यांची विरोधलय प्रधान आहे, आणि बंदिशीचा मुखडा समेवर येतो तेथे तिचा समतोल साधतो. विरोधाचे घटक सुटे-सुटे ऐकणाऱ्याला ते तुकडेच वाटणार.

४

तेव्हा अडचण गाण्यात किती आणि सवयीत किती, हा प्रश्न उरतो. ह्यावर दूरचे एक उदाहरण प्रकाश टाकू शकेल. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही वृंदांनी रॉक-संगीताची चार मात्रांची, तीन-चार मिनिटांची चौकट मोडली. किंग क्रिमसनची पहिली ध्वनिमुद्रिका १९६९ ची. येस ह्या वृंदाची 'क्लोज टु दि एज' ही १९७२ मधील रचना सुमारे अठरा मिनिटांची, तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारी. श्रोत्यांत फूट पडली. काहींना रॉकचे क्षितिज विस्तारल्यासारखे वाटले, काहींना तो पोकळ डामडौल वाटला. १९७६-७७ च्या पंक संगीताने ह्या दुसऱ्या मतालाच आवाज दिला.

आता पिंक फ्लॉइडचे १९७३ मधील 'मनी' हे गीत पाहावे. ते सात मात्रांत चालते. मधल्या गिटारवादनात मात्र चार मात्रांचा ठेका येतो. चार मात्रांवर वाढलेल्या श्रोत्याला सातांची चाल अडखळणारी वाटते आणि चार येताच हायसे वाटते. ज्या मराठी श्रोत्याच्या कानात रूपक ताल मुरलेला आहे, त्याला सात मात्रांत अडखळण्यासारखे काहीच सापडत नाही. म्हणजे ही दुर्बोधता वस्तूची नव्हे, अपरिचयाची होय, आणि अपरिचय सहवासाने जातो. परंतु अठरा मिनिटांच्या रचनेत सुरुवातीचे सूत्र कोठे, कोणत्या रूपाने परत आले हे ध्यानी ठेवण्याचे कष्ट सहवासानेही नाहीसे होत नाहीत. फक्त त्यांचा आनंद होतो. दुर्बोधतेचे हे दोन प्रकार, अपरिचयाचा आणि रचनेचा, वेगळे केल्यावाचून समीक्षेला पुढे जाता येणार नाही.

५

कुमार गंधर्वांच्या बाबतीत अपरिचयाचा हा भाग वाटतो तितका मोठा आहे काय? उच्च संगीताची समज पुण्यामुंबईच्या मैफलींतच घडते, परभणीकडच्या विद्यार्थ्याने तिची अपेक्षा करू नये, असा एक समज मराठवाड्यात रूढ आहे आणि तो तेथील विद्यार्थ्यांनीही मान खाली घालून स्वीकारलेला दिसतो. तो तपासण्यासाठी गंगाखेडचे उदाहरण घ्यावे.

गोदातीरावरील हे गाव संत जनाबाईचे जन्मस्थान. जनाबाईचे नाव घेताच जाते आणि दळण आठवते, आणि जात्यावरची ओवी हा ह्या भूमीतील स्त्रियांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा स्वरसंस्कार होय. तिची सांगीतिक घडण लक्षात घेण्यासारखी आहे. चाल चारपाच स्वरांची. एक चरण म्हटला की बाई थांबते, दम घेते, पुढचा चरण जुळविते. परंतु ह्या विरामात गाणे थांबत नाही. कारण जात्याची घरघर चालूच असते आणि तिच्यावरच पुढचा चरण बसतो. आवाज थांबला तरी नाद चालू आहे, ही जाणीव ज्या कानाला आहे, त्याला तंबोऱ्याच्या नादावर टाकलेला कुमारांचा विराम परका वाटण्याचे कारण नाही. माळव्यातील बायकांच्या गाण्यांत कुमारांनी जे ऐकले, त्याचेच दुसरे रूप गंगाखेडच्या माजघरात नांदत होते.

येथे दोन मर्यादा सांगणे आवश्यक आहे. एक, पिठाच्या गिरणीने जाते मागे पडले. आजच्या विद्यार्थ्याने हा संस्कार घरात मिळेल असे गृहीत न धरता तो ध्वनिमुद्रणांतून आणि वृद्ध स्त्रियांकडून मिळविला पाहिजे. दुसरी, वारकरी भजनाचा संस्कार उलट दिशेने ओढतो. आठ मात्रांचा भजनी ठेका, चढत जाणारी लय आणि अनेक कंठांचा गजर ह्यांवर वाढलेला कान कुमारांच्या निर्गुणी भजनात तो चढ शोधतो. तेथे गजर नाही, एकाकी पुकार आहे. लोकसंस्कार एक दार उघडतो तसेच दुसरे लावूनही घेतो.

६

अखेर राहतो तो मूल्याचा प्रश्न. कळू लागले म्हणून गाणे थोर ठरत नाही. नाहीतर सहवास हाच एकमेव निकष ठरेल. विचित्रपणा आणि अपूर्वता ह्यांतील फरक दुसऱ्या-तिसऱ्या श्रवणात कळतो. पहिल्या श्रवणात दोन्ही सारखेच चकित करतात. चमत्कृती सरल्यावर काही संबंध उरतात की नाही, ही खरी कसोटी. मधसुरजातील बंदिशीचा विषय, बळी जाणाऱ्या बकऱ्याची विनवणी, ख्यालाला अनपेक्षित आहे. पण ते नावीन्य ओसरल्यावरही स्वरांतील आर्त टिकून राहते, म्हणून ती बंदिश कसोटीस उतरते. उलट कुमारांच्या अनुकरणकारांनी विराम उचलला, तंबोऱ्याची साधना सोडली. त्यांचे तुकडे तुकडेच राहिले. स्वतः कुमारांच्या गायनातही एकाएकी उंचावणारा स्वर कधी लकबीच्या पातळीवर येतो, हे रसिकानेही नाकारू नये.

अभ्यासकाला ह्यातून एक साधी वाट सुचते. एकच ध्वनिमुद्रण निवडावे. प्रथम केवळ तंबोरा आणि ठेका ऐकून सम निश्चित करावी. नंतर मुखडा कोठून उचलला जातो ते पाहावे. मग विरामांकडे लक्ष द्यावे. आणि त्याच रागातील किराणा वा जयपूर घराण्याच्या गायकाचे ध्वनिमुद्रण शेजारी ठेवावे. एवढे झाल्यावरही हे गाणे नापसंत ठरले, तर ती नापसंती गाण्याविषयीची असेल आणि तिला समीक्षेत स्थान असेल. तत्पूर्वीची नापसंती, आणि तत्पूर्वीची भक्तीही, केवळ श्रोत्याच्या सवयीचे वर्णन होय.