२१०५ यार्डांचा विक्रम नेमकं काय मोजतो?

मागच्या लेखात आपण 'संकल्पना' आणि 'मोजमाप' यांतला फरक पाहिला. 'शैक्षणिक गुणवत्ता' ही संकल्पना आणि 'दहावीचे टक्के' हे तिचं एक मोजमाप. एवढं सगळ्यांना पटतं. पण संशोधनाचा आराखडा लिहायला बसलो की आपण हा फरक विसरतो, आणि हाताशी जो आकडा असेल त्यालाच संकल्पना समजून पुढे जातो. आज हाच मुद्दा एका अशा उदाहरणावर तपासू, ज्याच्याशी आपलं काहीच भावनिक नातं नाही. अमेरिकन फुटबॉलचं! सचिन की विराट हा वाद घेतला असता तर अर्धे वाचक पहिल्याच परिच्छेदात भांडायला उठले असते.

आधी खेळ थोडक्यात समजून घ्या. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. एक यार्ड म्हणजे तीन फूट. पुढे जायचे मुख्य मार्ग दोन: क्वार्टरबॅकने चेंडू लांब फेकायचा आणि कोणीतरी झेलायचा, किंवा चेंडू 'रनिंग बॅक'च्या हातात द्यायचा आणि त्याने समोरच्या गर्दीतून धावत सुटायचं. धावणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडूंची फळी असते. प्रतिस्पर्ध्यांना ढकलून वाट करून देणं हे तिचं काम. रनिंग बॅकने धावून जितके यार्ड मिळवले, ते त्याच्या नावावर जमा होतात. फळीच्या नावावर काहीही जमा होत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता १९८४ चा हंगाम. लॉस एंजेलिस रॅम्स या संघाचा रनिंग बॅक एरिक डिकरसन याने त्या हंगामात २१०५ यार्ड धाव घेतली. एनएफएलमधल्या एका नियमित हंगामाचा हा विक्रम आहे, आणि चाळीस वर्षांनंतरही तो तुटलेला नाही. त्याआधीचा विक्रम होता बफेलो बिल्सच्या ओ. जे. सिम्प्सनचा, १९७३ सालचा, २००३ यार्डांचा. डिकरसन तेव्हा आपला दुसराच व्यावसायिक हंगाम खेळत होता. या हंगामाची कथा नेहमी अशीच सांगितली जाते: विक्रम मोडला, म्हणून धावण्याचा हा आजवरचा सर्वोत्तम हंगाम.

या 'म्हणून'वर आपण बोट ठेवू.

पहिला प्रश्न: भागिले काय? सिम्प्सनचा हंगाम १४ सामन्यांचा होता. १९७८ पासून हंगाम १६ सामन्यांचा झाला. डिकरसनने विक्रम मोडला तो पंधराव्या सामन्यात, ह्यूस्टन ऑइलर्सविरुद्ध. त्या दिवशी त्याने २१५ यार्ड मिळवले आणि एकूण बेरीज २००७ वर गेली. म्हणजे १४ सामन्यांनंतर त्याच्या नावावर १७९२ यार्ड होते. सिम्प्सनच्या २००३ पेक्षा २११ कमी! प्रति सामना सरासरी काढली तर सिम्प्सन १४३.१ आणि डिकरसन १३१.६. गंमत म्हणजे १९६३ साली क्लीव्हलँड ब्राउन्सच्या जिम ब्राउनने १४ सामन्यांत १८६३ यार्ड काढले होते. त्याची सरासरी येते १३३.१. म्हणजे एकूण बेरजेत पहिला असलेला डिकरसन सरासरीत या तिघांमध्ये तिसरा.

इथे थांबून "बघा, विक्रम खोटा निघाला" असं म्हणायचा मोह होतो. नव्याने आकडेमोड शिकलेल्या संशोधकाची ही ठरलेली चूक आहे. भागाकार केला म्हणजे सत्य सापडलं असं नसतं. म्हणून आणखी एक पायरी उतरू.

डिकरसनने ३७९ वेळा चेंडू नेला, सिम्प्सनने ३३२ वेळा. वरवर वाटतं की डिकरसनवर फार जास्त भार होता. पण सामन्यांनी भागा: दोघांचंही उत्तर २३.७ येतं. प्रत्येक सामन्यातला भार जवळपास सारखाच. फरक आहे तो प्रत्येक धावेत: सिम्प्सन सरासरी ६.० यार्ड, डिकरसन ५.६. म्हणजे डिकरसनचा विक्रम आला कुठून? तोच भार आणखी दोन सामने पेलण्यातून. आता हे कमी महत्त्वाचं आहे का? अजिबात नाही. दर सामन्यात वीसहून जास्त वेळा दणकट माणसांच्या अंगावर धडकायचं, आणि तेही १४ ऐवजी १६ सामने, ही टिकून राहण्याची क्षमता आहे. पण ती 'सर्वोत्तम धावणं' या संकल्पनेपेक्षा वेगळी संकल्पना आहे. एकूण बेरीज टिकाव आणि कौशल्य यांची भेळ करते, सरासरी टिकाव लपवते. दोन्ही मोजमापं खरी, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

दुसरा प्रश्न: हा आकडा कोणाचा? २१०५ मध्ये जॅकी स्लेटर, केंट हिल, डेनिस हॅरा, डग स्मिथ अशा फळीतल्या माणसांचे श्रम मिसळलेले आहेत. त्यांपैकी स्लेटर पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. प्रशिक्षक जॉन रॉबिन्सन यांनी सगळं आक्रमणच धावण्याभोवती बांधलं होतं. शिवाय क्वार्टरबॅक विन्स फेरागामो हंगामाच्या सुरुवातीलाच जखमी झाला आणि पुढचा हंगाम बराच कमी अनुभव असलेल्या जेफ केम्पने सांभाळला. चेंडू फेकण्याची बाजू लंगडी, मग आणखी धावा. आता हा घटक डिकरसनच्या बाजूचा की विरुद्ध? दोन्ही! त्याला संधी जास्त मिळाली, म्हणून बेरीज वाढली. पण प्रतिस्पर्ध्यालाही ठाऊक होतं की चेंडू याच्याकडेच येणार, म्हणून प्रत्येक धाव अवघड झाली. एकच घटक मोजमापाला दोन दिशांनी ओढतो, आणि तो वजा करायचं सोपं सूत्र नाही. सिम्प्सनच्या फळीला निदान 'इलेक्ट्रिक कंपनी' असं टोपणनाव तरी मिळालं होतं. विक्रमाच्या दिवशी पत्रकारांसमोर जाताना तो त्या सहकाऱ्यांना सोबत घेऊन गेला होता. विक्रमांच्या यादीत मात्र नाव एकाचंच छापलं जातं.

तिसरा प्रश्न कारण आणि परिणामाचा. "आमचा माणूस शंभर यार्ड धावला की आम्ही जिंकतो" हे वाक्य अमेरिकेत समालोचक नेहमी म्हणतात. आकड्यांत तसा संबंध दिसतोही. पण खेळाचा नियम बघा. धावणारा मैदानातच खाली पाडला गेला तर घड्याळ चालू राहतं, फेकलेला चेंडू झेलला गेला नाही तर थांबतं. म्हणून आघाडीवर असलेला संघ शेवटी वेळ काढायला धावत राहतो. धावल्यामुळे जिंकले की जिंकत होते म्हणून धावले? सामन्याच्या शेवटी मोजलेल्या बेरजेवरून हे कळतच नाही. त्यासाठी गुणफलक बरोबरीत असतानाच्या धावा वेगळ्या काढाव्या लागतील. सर्वेक्षणाच्या आधारे प्रबंध लिहिणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

चौथा प्रश्न: बाकीची प्रकरणं कुठे आहेत? एका हंगामात २००० यार्ड ओलांडणारे १९७३ ते २०२४ या काळात नऊच जण झाले. त्यांच्या संघांचं काय झालं? दोन संघ विजेते ठरले: टेरेल डेव्हिसचा डेन्व्हर ब्रॉन्कोस १९९८ च्या हंगामात आणि सेक्वॉन बार्कलीचा फिलाडेल्फिया ईगल्स २०२४ च्या हंगामात. दोन संघ बाद फेरीत पोहोचलेच नाहीत: सिम्प्सनचा बिल्स आणि ख्रिस जॉन्सनचा २००९ चा टेनेसी टायटन्स. उरलेले पाच बाद फेरीतला आपला पहिलाच सामना हरले. त्यात रॅम्सही आहे: १० विजय, ६ पराभव, आणि मग न्यूयॉर्क जायंट्सकडून १६-१३ अशी हार. म्हणजे महान धावपटू संघाला बुडवतो का? नाही हो! नऊ प्रकरणांवरून असा निष्कर्ष काढणं म्हणजे पुन्हा तीच चूक, फक्त उलट दिशेने. एवढंच म्हणता येतं की वैयक्तिक विक्रम आणि संघाचं यश ही दोन वेगळी मोजमापं आहेत.

हे वेगळेपण सगळ्यात स्पष्ट दिसलं २०२४ च्या हंगामात. आता हंगाम १७ सामन्यांचा आहे. बार्कलीचे १६ सामन्यांत २००५ यार्ड झाले होते. डिकरसनला मागे टाकायला १०१ हवे होते आणि एक सामना हातात होता. पण ईगल्सचं बाद फेरीतलं स्थान ठरलेलं होतं. प्रशिक्षक निक सिरियानी यांनी त्याला त्या सामन्यात विश्रांती दिली. विक्रम राहिला, ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ४०-२२ असं हरवून सुपर बोल जिंकला. संघाने आपला खरा प्रश्न कोणता ते आधी ठरवलं आणि मग कोणता आकडा सोडून द्यायचा ते ठरवलं.

माझं मत विचाराल तर, डिकरसनचा विक्रम अस्सल आहे आणि तो यादीत सर्वांत वरच राहावा. पण 'सर्वोत्तम हंगाम' या दाव्याला तो एकटा पुरावा म्हणून पुरत नाही. तो दावा करायचा तर सिम्प्सनचा १९७३ चा आणि ब्राउनचा १९६३ चा हंगाम शेजारी ठेवावा लागेल, आणि फळीचा वाटा कसा वेगळा काढणार ते सांगावं लागेल.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतेय? माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी तालुक्यांची तुलना शाळा सोडलेल्या मुलांच्या एकूण संख्येवर केली होती. मोठा तालुका अर्थातच सगळ्यात वाईट ठरला. मॅडमनी पान उलटून फक्त विचारलं, "अगं, भागिले काय?" त्यावर मी पटसंख्येने भागून आणलं आणि खूश झाले. तर पुढचा प्रश्न आला: "ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली मुलं यात कुठे आहेत?" भागाकार बरोबर होता, पण ज्या मुलांसाठी विषय घेतला तीच माझ्या मोजमापात नव्हती. सहा महिने गेले त्यात.

तेव्हा आराखडा गाईडकडे देण्याआधी तुमच्या मुख्य आकड्याला हे चार प्रश्न विचारा. कशाने भागलाय? कोणाकोणाचे श्रम किंवा परिस्थिती त्यात मिसळली आहे? कारण उलट्या दिशेने वाहत नाही ना? आणि जी प्रकरणं दिसत नाहीत ती कुठे गेली? उत्तरं एका पानावर लिहून काढा. एखाद्या प्रश्नापुढे जागा कोरी राहिली तर घाबरू नका, ती कोरी जागाच 'संशोधनाच्या मर्यादा' या प्रकरणात जाते. फक्त ती परीक्षकांच्या आधी तुम्हाला सापडलेली बरी.

पुढच्या लेखात नमुना निवड. नऊ प्रकरणं कमी असतील तर किती पुरे, हे तिथे बघू.