लाटांची गिटार आणि भैरवाचे सूर

श्रोतेहो, गंगेच्या काठी बसून आज समुद्राकाठच्या एका संगीताविषयी बोलायचं आहे. ‘सर्फ रॉक’. फळीवर उभं राहून लाटा कापणाऱ्या दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांचं हे संगीत. १९६१च्या सुमारास डिक डेल हा डावखुरा गिटारवादक तिथल्या बाल्बोआच्या नाचघरात वाजवू लागला आणि त्याला आकार आला. पुढे गिटारचा आवाज स्प्रिंगांच्या पेटीतून फिरवून घेण्याची रीत पडली. स्प्रिंग थरथरते, आवाज लांबतो, गुहेतून आल्यासारखा होतो. वादक त्याला ‘ओला’ आवाज म्हणतात. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत पोचले आणि ही लाट ओसरली.

समुद्राच्या गर्जनेतून हे संगीत जन्मलं, असं सांगतात. आम्हाला ही उपपत्ती अर्धीच पटते. डेलची १९६२ची ‘मिसरलू’ घ्या. ही धून त्याची नव्हेच. पूर्व भूमध्य सागराकडची ती जुनी चाल, १९२७ मध्येच ग्रीक भाषेत ध्वनिमुद्रित झालेली. डेलचं वडिलांकडचं घराणं लेबनॉनचं, काका ऊद वाजवणारे. आणि सूर कोणते? कोमल रिषभ, कोमल धैवत, बाकी शुद्ध. म्हणजे थाट भैरवाचा! राग भैरव नव्हे, हे आमचे गायक मित्र दटावून सांगतील आणि ते बरोबरच आहे. भैरवातला रिषभ आंदोलित, इथे तर हात क्षणभरही ठरत नाही. पण ज्याला आपण निव्वळ अमेरिकन किनाऱ्याचा आवाज म्हणतो, त्याचं गाजलेलं उदाहरण असं दुसऱ्याच किनाऱ्यावरून आलेलं आहे.

आता पुनरुज्जीवनाकडे येऊ. १९९४ मध्ये ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटाच्या सुरुवातीला ‘मिसरलू’ वाजली आणि तीस वर्षांपूर्वीचं संगीत पुन्हा तरुणांच्या कानी पडलं. २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ची सुरुवात तर आपल्याच गाण्याने झाली. खोलीत एकटी मुलगी दूरदर्शन संचावर ‘जान पहचान हो’ पाहत नाचते. ‘गुमनाम’, १९६५. दिग्दर्शक राजा नवाथे, आपले मराठी. आवाज रफींचा, संगीत शंकर-जयकिशन यांचं. पडद्यावर टेड लायन्स आणि त्याचे कब्ज हा बँड, मुखवटे घातलेले नर्तक, आणि मान झटकत नाचणाऱ्या लक्ष्मी छाया. त्या मानेला काय झालं असेल याची आम्हाला तेव्हाही काळजी वाटली होती!

तेव्हापासून कित्येकजण या गाण्याला बिनदिक्कत ‘भारतीय सर्फ रॉक’ म्हणतात. आमचं मत वेगळं आहे. हे रॉक अँड रोलच्या अंगाचं हिंदी चित्रपटगीत आहे. गिटार सर्फच्या चुलतघराण्यातली, एवढंच. हे नाव गाण्याबरोबर आलं नाही, पुनरुज्जीवनाने मागाहून चिकटवलं. बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडलं असं की ‘सर्फ’ म्हटलं की कान कॅलिफोर्नियाकडे वळतात आणि मुंबईचा ध्वनिमुद्रण कक्ष दिसेनासा होतो. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची मांडणी सेबॅस्टियन डिसूझा करीत, तालाची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळत, दोघेही गोव्याचे. व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटार वाजवणाऱ्यांतही गोवेकर पुष्कळ. त्या काळच्या तबकडीवर गायक, संगीतकार, चित्रपट एवढी नावं छापत. वादकांची नसतच.

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द आहे. त्र्यंबकेश्वराचं आजचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी उभारलं, काळाराम ओढेकरांनी, हे शाळकरी मूलही सांगेल. छिन्नी चालवणाऱ्या पाथरवटांची नावं कुणी विचारत नाही. संगीताच्या जीर्णोद्धारातही तेच चाललंय. दिग्दर्शकाची दाद घेतली जाते, गाणं ‘सापडलं’ म्हणतात. सापडलं? ते हरवलं कुठे होतं! आमच्या पिढीने ते रेडिओवर ऐकलंय, वरातींच्या बँडमागे त्यावर नाचलोय.

असो. आता ध्वनिफीत लावतो. रफींचा आवाज यायच्या आधीचं वाजवणं नीट ऐका, आणि कुणाच्या घरी त्या काळच्या वादकांच्या आठवणी असतील तर व्याख्यान संपल्यावर आम्हाला भेटा. वही आणली आहे.