दार नसलेले गाव आणि सात घरांचे अंगण

शनिशिंगणापूरला गेलो की माझी नजर चौथऱ्याआधी घरांच्या चौकटींकडे जाते. दारे न लावण्याची इथली प्रथा जगभर गाजली. २०११ साली युको बँकेनेही इथे कुलपाविना शाखा उघडली. गावाची मूळकथा पाण्याची आहे. पानसनाल्याच्या पुरात ही शिळा वाहत आली, असे सांगतात. पुरुषाने अंघोळ करून ओलेत्याने चौथऱ्यावर जावे, बाईने मात्र जाऊच नये, असा तिथला रिवाज होता. बाईवरची बंदी उठली ती एप्रिल २०१६ मध्ये, तीही आंदोलन आणि उच्च न्यायालय यांच्या रेट्याने. घराला दार नव्हते, चौथऱ्याला होते!

हे आठवायचे कारण असे की, आजकाल वास्तुरचनेवर लिहिणारे मोठ्या भाबडेपणाने सांगतात : वसाहतीत पाणी आणा, माणसे आपोआप एकत्र येतील. हे आपल्याला सांगावे? महाडचे चवदार तळे तर नगरपालिकेच्या ठरावाने कागदोपत्री खुलेच होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तिथे जाऊन पाणी प्यावे लागले आणि न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले.

म्हणून चार्ल्स कोरिया यांची नवी मुंबईतील बेलापूरची वसाहत मी जरा संशयानेच अभ्यासली. १९८३ ते १९८६ या काळातले हे काम. आठ मीटर लांबरुंद अंगणाभोवती सात घरे, असे तीन गट मिळून एकवीस घरांचे मोठे अंगण, आणि पावसाचे पाणी वाहून नेणारा ओढा वसाहतीच्या मधोमध. ओढा बुजवला नाही, हे मला आवडले. पण त्याहून मोलाची गोष्ट भूखंडांची. ते सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. उत्पन्नातील तफावत मोठी असूनही जमिनीतील तफावत मुद्दाम कमी ठेवलेली. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, त्यामुळे ऐपतीप्रमाणे घर वाढवताना कोणाची परवानगी मागावी लागत नाही. या नकाशाला वेस नाही. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण सात घरांत कोण राहणार, हे नकाशा ठरवत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व पारशांपुरते राखणारा नियम वैध ठरवला. आता कोणत्याही जातीची 'सोसायटी' आपले अंगण सुंदर बांधू शकते, मधोमध तळेही खोदू शकते. त्या तळ्याकाठी समाज जमेलच. कोणता, एवढेच विचारायचे.

आणखी एक. आराखड्यात येणारे पाणी निळ्या रंगाने दाखवतात, जाणारे कोणी दाखवत नाही. शिंगणापूरपासून जवळच सोनई आहे. तिथे १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते. संडासाच्या टाकीचे काम आहे, असे सांगून त्यांना बोलावले होते. २०१८ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. त्या तरुणांना वस्तीवर बोलावण्यासाठी एवढे एकच निमित्त पुरेसे होते.

बेलापूरचा नकाशा मी वर्गात फळ्यावर काढतो. मुले ओढ्याचे कौतुक करतात. मग मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, "सर, घरं वाटली कोणी?"