फादर ब्राऊन यांचा तर्क

रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे फारसा प्रतिष्ठित मानला गेला नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली. पण समीक्षेच्या पंक्तीत त्यांना पाट क्वचितच मांडला गेला. शेरलॉक होम्सचे नशीब थोडे बरे. मराठी अनुवादांतून तो घरोघर पोचला आणि तर्कशुद्ध विचार म्हटले की त्याचेच नाव ओठांवर येऊ लागले. त्या मानाने जी. के. चेस्टरटन यांचे फादर ब्राऊन आपल्या वाचकाला कमी परिचित आहेत. ख्रिस्ती वाचकालाही ते बहुधा नावापुरतेच ठाऊक असतात. एक धर्मगुरू गुन्ह्यांचा उलगडा करतो ही गमतीदार कल्पना आहे, एवढे म्हणून आपण पुढे जातो. वास्तविक ह्या कथा एक गंभीर प्रश्न विचारतात. तर्काने गुन्हेगार सापडला, तर पुढे त्याचे काय करायचे? त्या प्रश्नाच्या अनुरोधाने ह्या कथांकडे पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनाच्या ओघात काही कथांची रहस्ये उघड करावी लागतील. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

फादर ब्राऊन यांची पहिली कथा १९१० साली प्रसिद्ध झाली. पुढे १९११ ते १९३५ या काळात पाच कथासंग्रह निघाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की पहिले दोन संग्रह निघाले तेव्हा लेखक स्वतः कॅथलिक नव्हता. चेस्टरटन यांनी १९२२ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला. त्या वेळी त्यांचा स्वीकार करणारे धर्मगुरू होते फादर जॉन ओकॉनर, म्हणजे ज्यांच्यावरून फादर ब्राऊन सुचले तेच. चेस्टरटन यांनी आत्मचरित्रात या ओळखीची हकिकत दिली आहे. यॉर्कशायरमधील माळरानावर फिरताना गुन्हेगारी आणि विकृती यांविषयी बोलणे निघाले, तेव्हा या साध्या दिसणाऱ्या धर्मगुरूला मानवी दुष्टाव्याची किती भयंकर माहिती आहे हे पाहून चेस्टरटन थक्क झाले. त्यानंतर थोड्याच वेळात केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनी त्यांच्याजवळ शेरा मारला, की चार भिंतींत राहणाऱ्या धर्मगुरूंना जगातल्या वाइटाची काय कल्पना असणार! या विसंगतीतून फादर ब्राऊन जन्माला आले. बुटकी मूर्ती, वाटोळा चेहरा, हातात बोजड छत्री आणि बावळट वाटणारा भाव. पण माणसाचे मन त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही, कारण वर्षानुवर्षे पापनिवेदन ऐकण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे.

होम्स आणि फादर ब्राऊन यांच्या तर्कपद्धतींतला फरक दोन कुत्र्यांच्या आधारे चांगला स्पष्ट होतो. १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत शर्यतीचा एक घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो. तबेल्यात राखणीला कुत्रा असतो, पण तो भुंकत नाही. होम्स तेवढ्यावरून ओळखतो, की रात्री आलेला माणूस कुत्र्याच्या चांगल्या ओळखीचा होता. न घडलेल्या गोष्टीवरून काढलेले हे अनुमान तर्काचा उत्कृष्ट नमुना म्हणून आजही सांगितले जाते. १९२६ च्या संग्रहातील ‘द ओरॅकल ऑफ द डॉग’ या कथेतला कुत्रा मात्र ओरडतो. बागेतल्या लहानशा घरात एका वृद्ध कर्नलचा भोसकून खून होतो, हत्यार सापडत नाही. आणि जवळजवळ त्याच सुमारास समुद्रकिनाऱ्यावर कुत्रा भेसूर रडतो. सुशिक्षित मंडळींना वाटते, मुक्या जनावराला मालकाचा मृत्यू अंतर्ज्ञानाने कळला. फादर ब्राऊन केवळ ऐकलेल्या हकिकतीवरून गाठ सोडवतात. कुत्रा पाण्यात फेकलेल्या काठ्या आणून देण्याचा खेळ खेळत होता. शेवटची काठी तरंगलीच नाही, बुडाली; म्हणून तो निराशेने ओरडला. लाकडी काठी बुडत नाही. बुडाली ती गुप्ती होती, आत पोलादी पाते असलेली, आणि खुनाचे हत्यारही तेच.

पहिल्या कथेत कुत्र्याच्या मौनाचा अर्थ लावायचा होता. दुसऱ्या कथेत कुत्र्याच्या आवाजाला चिकटलेला खोटा अर्थ आधी सोडवायचा होता. आणि तो सोडवणारा आहे धर्मगुरू! देवावरचा विश्वास सुटला की माणूस कशावरही विश्वास ठेवू लागतो, अशा आशयाचे विवेचन फादर ब्राऊन येथे करतात. हा केवळ चमत्कृतीचा विचार नव्हे. ज्या १९२२ साली चेस्टरटन कॅथलिक झाले, त्याच साली होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉयल यांनी पऱ्यांच्या अस्तित्वाचे समर्थन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा आधार होता दोन मुलींनी काढलेली छायाचित्रे. कागदाच्या आकृत्या कापून ती बनवली होती, हे त्या दोघींनी १९८३ साली, म्हातारपणी, कबूल केले. डॉयल जेझुइटांच्या शाळेत शिकले होते; पुढे श्रद्धा सुटली आणि ते परलोकविद्येकडे वळले. या उलट फादर रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले, त्यांत अलौकिक शक्तींना कथेत मज्जाव केला. पुढे संपूर्ण बायबलचे इंग्रजी भाषांतर केले ते ह्याच नॉक्स यांनी. श्रद्धावंत माणूस भोळा असलाच पाहिजे, या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर कोणते?

‘द ब्लू क्रॉस’ या पहिल्याच कथेत हे सूत्र स्पष्ट होते. लंडनच्या युकॅरिस्टिक काँग्रेसला, म्हणजे १९६४ साली मुंबईत भरली तशा परिषदेला, फादर ब्राऊन एक मौल्यवान क्रूस घेऊन निघाले आहेत. धर्मगुरूच्या वेषातला फ्लांबो हा अट्टल चोर त्यांच्या सोबत आहे. फादर ब्राऊन त्याची परीक्षा घेतात. साखरेच्या भांड्यात मीठ भरतात. कॉफी खारट लागूनही सोबती ब्र काढत नाही. बिलाचा आकडा फुगवतात. तो मुकाट पैसे भरतो. सामान्य माणूस अशा वेळी तक्रार करतो. जो करीत नाही त्याला लोकांच्या नजरेत यायचे नसते. होम्सच्या कुत्र्यासारखाच हा न उमटलेल्या आवाजाचा पुरावा आहे. शेवटी फ्लांबोने गप्पांच्या ओघात विवेकबुद्धीची निंदा केली, तेव्हा फादर ब्राऊन यांची खात्री पटली. कॅथलिक धर्मगुरू बुद्धीवर असा हल्ला करणार नाही, कारण ते सदोष ईशज्ञान ठरेल. चेस्टरटन यांनी १९३३ साली संत थॉमस अक्वायनस यांच्यावर ग्रंथ लिहिला, त्याचे बीज या विनोदी प्रसंगात दिसते.

परंतु बुद्धी पुरेशी असते का? या कथेत फ्लांबोचा माग काढणारा व्हॅलंतँ हा पॅरिसच्या पोलिसांचा प्रमुख कुशाग्र बुद्धीचा आहे. पुढच्याच कथेत तो धर्मद्वेषापोटी स्वतः खून करतो. गुन्हा शोधणारी बुद्धी गुन्हा करणाऱ्याला वाचवू शकत नाही, हे चेस्टरटन इतक्या लवकर सांगून टाकतात.

फादर ब्राऊन यांची स्वतःची पद्धत १९२७ च्या ‘द सीक्रेट ऑफ फादर ब्राऊन’मध्ये येते. ते सगळे खून मी स्वतःच केले, असे ते एका पाहुण्याला सांगतात, आणि तो हादरतो. त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा, की गुन्हेगाराला दूरचा विचित्र प्राणी समजून बाहेरून न्याहाळायचे नाही. हे कृत्य माझ्या हातून कोणत्या अवस्थेत घडले असते, याचा अंतर्मुख होऊन शोध घ्यायचा. ही शोधपद्धती म्हणजे एका परीने आत्मपरीक्षणच आहे. पापनिवेदनापूर्वी आपण जे करतो, तेच ते दुसऱ्याच्या वतीने करतात.

या कथांचे दोषही नमूद केले पाहिजेत. ‘द राँग शेप’ या कथेतला पुरावा अप्रतिम आहे. मृत कवीच्या हातच्या कागदावर आत्महत्येची कबुली वाटावी असे वाक्य असते, पण कागदाचा कोपरा कापलेला असतो. त्या कोपऱ्यावर अवतरणचिन्ह होते! वाक्य कवीचे नव्हते, त्याच्या कादंबरीतल्या पात्राचे होते. खुनी इंग्रज डॉक्टर निघतो. तरीही कथाभर संशयाची छाया पांढऱ्या वस्त्रांतल्या एका हिंदू माणसावर धरलेली आहे, आणि पौर्वात्य कलेतल्या आकारांनाच दुष्ट ठरवले आहे. भारतीय वाचकाला हे खुपते, आणि खुपले पाहिजे. १९१४ च्या संग्रहातील ‘द गॉड ऑफ द गाँग्ज’मधले कृष्णवर्णीय माणसाचे चित्रण तर असह्य आहे. सर्वांच्या मनात शिरू पाहणारा लेखक येथे उंबरठ्यावरच थांबला, असे म्हणावे लागते.

दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. ‘द हॅमर ऑफ गॉड’मध्ये एका दुराचारी कर्नलची कवटी लहानशा हातोड्याने चिरडली जाते. घाव राक्षसी, हत्यार क्षुल्लक. ज्याच्या अंगी एवढे बळ तो लोहार गावात नव्हता. जे गावात होते त्यांच्यात एवढे बळ नव्हते. हे बळ उंचीचे होते. चर्चच्या मनोऱ्यावरून हातोडा सोडणारा होता कर्नलचा सख्खा भाऊ, सदैव प्रार्थनेत मग्न असलेला पाळक. उंचावरून प्रार्थना करता करता त्याला खालची माणसे किड्यांएवढी दिसू लागली होती. तो कठड्यावरून उडी टाकू पाहतो तेव्हा फादर ब्राऊन त्याला धरतात. मात्र पोलिसांना काही सांगत नाहीत. तो आपण होऊन गुन्हा कबूल करतो. ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्येही ते खुन्याबरोबर तासन् तास चालत बोलतात, आणि काय बोलणे झाले हे वाचकाला कधीच कळत नाही. मग मृतांचे काय? त्यांच्या आप्तांचे काय? हा आक्षेप हलका नाही. गुन्हा झाकून दयेच्या गोष्टी करण्याने ख्रिस्तसभेचेच किती नुकसान होते, हे आपण अलीकडच्या काळात जगभर पाहिले आहे.

याचे उत्तर मला ‘द चीफ मोर्नर ऑफ मार्न’ या कथेत काही अंशी सापडते. द्वंद्वयुद्धात भावाला मारून तीस वर्षे एकांतात राहिलेल्या एका उमरावाला धर्मगुरूंच्या तावडीतून सोडवा, त्याला क्षमा करा, असा धोशा त्याच्या स्नेह्यांनी लावलेला असतो. मग सत्य उघड होते. तो उमराव नव्हेच. पडल्याचे सोंग करून, मदतीला धावून आलेल्या भावाला गोळी घालणारा तो भ्याड खुनी आहे. त्याबरोबर क्षमेची भाषा बोलणारे सारे त्याच्याकडे पाठ फिरवतात. फादर ब्राऊन त्यांना सुनावतात, की तुम्ही क्षमा केलीत ती ज्याला तुम्ही पाप मानत नव्हता त्याला. खऱ्या, किळसवाण्या पापाजवळ बसण्याची वेळ आली की धर्मगुरूखेरीज कोणी उरत नाही. येथे दया सत्याला झाकत नाही. सत्य पुरते उघडे झाल्यावरच तिचे काम सुरू होते. हा भेद लक्षात ठेवला तर फादर ब्राऊन यांच्या मौनाचा कोणी गैरवापर करू शकणार नाही.

आपल्या गावातही अनुमाने काढणारे पुष्कळ आहेत. मिस्साला कोण आले नाही, कोण कम्युनियन न घेता बाकावरच बसून राहिले, कोणाच्या दारात रात्री कोणाची गाडी उभी होती, यावरून आपण झटपट निष्कर्ष काढतो. आणि ते कित्येकदा बरोबरही असतात! पण ते काढताना आपण मनोऱ्यावर उभे असतो, त्या पाळकासारखे. फ्लांबो पुढे चोरी सोडतो आणि फादर ब्राऊन यांचा जिवलग मित्र होतो, ते त्याला पकडल्यामुळे नव्हे. पकडणाऱ्याने त्याच्या शेजारी बसून त्याच्याशी बोलणे केले म्हणून. या पाच संग्रहांतली एखादी तरी कथा तरुण वाचकांनी मुळातून वाचावी. आणि मराठीत त्यांचा चांगला अनुवाद करण्याचे काम कुणी आपल्यापैकीच हाती घेतले, तर ते आपल्या वाङ्मयसेवेत मोलाची भर घालील.